यंत्रांचे युद्ध, माणसांची कारणे



या व्याख्यानमालेच्या समोरच्या खुर्च्यांवर बसून आम्ही पुष्कळ वर्षे व्याख्याने ऐकली. ज्ञानेश्वरीवर ऐकली, अर्थसंकल्पावर ऐकली, मधुमेहावरही ऐकली. टेबलाच्या या बाजूला येण्याचा प्रसंग पहिल्यानेच आला आहे. चालकांनी कामगार चळवळीवर बोला म्हणून सुचवले होते. आम्ही म्हटले, त्या विषयावर आम्ही रोजच बोलतो. गेटवर बोलतो, कामगार आयुक्तांच्या कचेरीत बोलतो, घरी जेवताना बोलतो आणि मंडळींची बोलणी खातो. एक संध्याकाळ दुसऱ्या कशावर बोलू द्या. मग विषय सांगितला, तेव्हा टेलिफोनवर पलीकडे काही वेळ नुसती शांतता होती.

विषय असा आहे: एका जपानी चित्रमालिकेतले युद्ध, त्या युद्धामागचे राजकारण, आणि त्यात लढणाऱ्या माणसांची लढण्याची कारणे. मालिकेचे नाव ‘मोबाइल सूट गंडम’. हे नाव ऐकून आमच्या एका सहकाऱ्याने विचारले, "कुणी कुणाला गंडवले?" त्याने थट्टेने विचारले खरे, परंतु प्रश्न अगदीच गैरलागू नाही, हे तासाभरात तुमच्याही लक्षात येईल.

आमचे शिक्षण रात्रशाळेत नववीपर्यंत. पुढचे सगळे युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि नगरवाचनालयातून. तेव्हा ॲनिमे नावाच्या या प्रकाराशी आमचा संबंध येण्याचे कारण नव्हते. झाले असे की, तीन पावसाळ्यांमागे आमचा पाय मोडला आणि दोन महिने प्लास्टरमध्ये घालून घरी बसावे लागले. मुलगी म्हणाली, "बाबा, वर्तमानपत्रावर किती चिडाल? हे बघा. यात वसाहत आहे, सरकार आहे, घराणेशाही आहे. संप सोडून सगळे आहे." खाली इंग्रजी अक्षरे पळत, ती वाचून ती मराठीत सांगे. पहिल्या दिवशी आम्ही तिच्या समाधानासाठी पाहिले. चौथ्या दिवसापासून ती कॉलेजातून येण्याची वाट पाहू लागलो.

ही मालिका जपानात ७ एप्रिल १९७९ रोजी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि २६ जानेवारी १९८० रोजी संपली. भाग त्रेचाळीस. ठरले होते बावन्न. पण प्रेक्षक कमी, आणि ज्या खेळण्यांच्या कंपनीच्या पैशावर ती चालली होती तिची खेळणी अपेक्षेप्रमाणे खपेनात, म्हणून नऊ भाग छाटले. पुढे पुनःप्रक्षेपणात ती लोकांनी उचलून धरली, १९८० च्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका कंपनीने यंत्रांच्या जोडणीच्या प्रतिकृती बाजारात आणल्या त्या धडाक्याने खपल्या, आणि १९८१ व १९८२ मध्ये तिचेच तीन चित्रपट झाले. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. जन्म १९४१ चा, ओदावारा गावचा. म्हणजे जपान शरण गेला तेव्हा हे गृहस्थ चार वर्षांचे नव्हते. पात्रांची चित्रे काढली योशिकाझु यासुहिको यांनी. हे विद्यार्थी चळवळीत पडले म्हणून विद्यापीठातून काढले गेलेले. मालिका चालू असतानाच ते आजारी पडून रुग्णालयात गेले, आणि शेवटच्या काही भागांत चेहरे जरा वाकडेतिकडे दिसतात ते त्यामुळे. मुलगी त्यावर हसली. आम्हांला हसू आले नाही. आमच्या धंद्यात राहून अशी सवय लागते की, वस्तूत कुठे खोट दिसली की त्या पाळीला कोण होते आणि त्याच्यावर किती बोजा होता, हे आधी मनात येते. जपानातल्या या चित्रधंद्यात मधली चित्रे काढणाऱ्या पोरांना नगावर मजुरी देण्याची चाल फार जुनी आहे. तिथे युनियनही झाल्या. पुढे जगप्रसिद्ध झालेले हायाओ मियाझाकी १९६४ साली त्यांच्या स्टुडिओतल्या युनियनचे सचिव होते. हे कळल्यावर त्यांच्याविषयी आमच्या मनात जो आदर वाटला, तो त्यांचा एकही चित्रपट न पाहता वाटला, हे कबूल करतो.

असो. कथेकडे येतो.

काळ पुढचा आहे. पृथ्वीवर माणसे मावेनाशी झाली म्हणून सरकारने जादा लोकसंख्या अंतराळात पाठवायला सुरुवात करून पन्नासहून अधिक वर्षे झाली आहेत. पृथ्वी आणि चंद्राच्या आसपास प्रचंड नळकांडी फिरत ठेवली आहेत. त्या नळकांड्यांच्या आत जमीन, शेते, शहरे. ही कल्पना मालिकाकारांच्या डोक्यातून निघालेली नाही. जेरार्ड ओनील नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने ती १९७० च्या दशकात आकडेमोडीसह मांडली होती. त्या नळकांड्यांत माणसे जन्मतात, मरतात, तिथेच पुरली जातात. आणि त्यांच्यावर राज्य मात्र पृथ्वीवरचे संघराज्य करते. तेव्हा सगळ्यांत लांबची, चंद्राच्या पाठीमागची जी वसाहत, तिने स्वातंत्र्य पुकारले. विश्वशक ७९ मध्ये युद्ध जुंपले. पहिल्या महिन्याभरातच दोन्ही बाजूंनी मिळून निम्मी माणसे मारली. एक आख्खी वसाहत उचलून पृथ्वीवर आदळली. मालिकेचा निवेदक हे पहिल्याच भागात सांगतो आणि पुढच्या भागांत पुन्हा पुन्हा सांगतो. आपल्या स्वतःच्या कृत्याने माणसे भेदरून गेली आणि युद्ध आठ महिने तसेच रेंगाळले. कथा सुरू होते ती या आठ महिन्यांनंतर.

आता इथे थोडे थांबू. वसाहतवाल्यांचे गाऱ्हाणे खरे होते की खोटे? आमच्या मते खरे होते. ज्याला राहायला धाडले त्याला विचारले नाही, ज्याच्या कष्टावर वसाहत उभी राहिली त्याला कारभारात जागा नाही. हे मागणीपत्रक आमच्याकडे आले असते तर आम्ही त्यावर सही केली असती. ते प्रथम मांडणारा पुरुष झिऑन झुम दाइकुन. अंतराळात गेलेला माणूस मनाने मोठा होईल, दुसऱ्याला जास्त समजून घेईल, अशी त्याची शिकवण. तो मेला. त्याच्या सोबत्याने, देगविन झाबी याने, सत्ता हातात घेतली. झाबींनीच त्याला मारले असा बोलबाला आहे. आणि मग काय झाले पाहा. वसाहतीला नाव दिले झिऑनचे, आणि राज्य केले झाबींचे. संस्थापकाचे नाव पाटीवर, गादीवर घराणे. देगविन राजा, थोरला मुलगा गिहरेन सर्वाधिकारी, मुलगी किसिलिया एका सैन्याची प्रमुख, दुसरा मुलगा डोझल दुसऱ्या सैन्याचा, धाकटा गार्मा पोरसवदा, त्याला पृथ्वीवरच्या फौजेचे सेनापतिपद.

बंधुभगिनींनो, ही यादी मुलगी वाचून दाखवत होती तेव्हा आम्ही उशी पाठीशी नीट करण्याचे निमित्त करून तोंड फिरवले. कारण सांगतो. आम्ही ज्या युनियनमध्ये पावतीपुस्तक घेऊन वर्गणी गोळा करायला शिकलो, तिचे संस्थापक अध्यक्ष मोठे तपस्वी गृहस्थ होते. ते वारल्यावर महिन्याभरात आमसभा झाली. त्यांचा मुलगा वकिलीची परीक्षा देत होता. कारखान्याचे तोंड त्याने पाहिले नव्हते. त्याचे नाव अध्यक्षपदासाठी पुढे आले. त्याला अनुमोदन आम्ही दिले. सभेत एक टर्नर उठून म्हणाला, फंडाचा हिशेब आधी वाचा, मग निवडणूक घ्या. "साहेबांना जाऊन महिना झाला नाही आणि तुला हिशेब सुचतो?" असे ओरडून त्याला खाली बसवले. ओरडणारा आवाजही आमचाच होता. पुढे खजिनदारपदी मेहुणा आला. नावे सांगत नाही, सांगून आता उपयोगही नाही. मागण्या खोट्या होत्या का? एकही नव्हती. पगारवाढ खरी, बदली कामगारांना कायम करण्याची मागणी खरी. खऱ्या मागणीची मूठ कुणाच्या हातात आहे हे विचारणे म्हणजे मागणीशी बेइमानी, असे आम्हांला शिकवले होते आणि आम्ही ते पुढे शिकवले.

गार्माच्या मरणाचा प्रसंग या दृष्टीने फार बोलका आहे. हा धाकटा मुलगा वाईट नाही. त्याला पराक्रम हवा आहे, कारण ज्या मुलीवर त्याचे प्रेम आहे तिच्याशी लग्न करायचे तर बापापुढे काही करून दाखवले पाहिजे. त्याला त्याचा जिवलग मित्र फसवून मृत्यूच्या तोंडी देतो. त्या मित्राविषयी पुढे बोलेन. बातमी घरी पोहोचते. म्हातारा देगविन कोसळतो. त्याची इच्छा इतकीच, की अंत्यविधी घरच्या घरी शांतपणे व्हावा. गिहरेन म्हणतो, नाही, राष्ट्राचा समारंभ झाला पाहिजे. आणि तो होतो. प्रचंड सभागृह, भावाची भव्य तसबीर, ध्वनिक्षेपक, आणि लाखोंचा जयघोष. शत्रूची साधनसामग्री आपल्या तीसपट असून आपण टिकलो ते आपली बाजू न्यायाची म्हणून, असे तो सांगतो; भावाच्या प्रेतावर उभे राहून आणखी प्रेते मागतो. बाप मागे बसलेला आहे. त्याचे दुःख मुलाने त्याच्या डोळ्यांदेखत सरकारजमा केले. आम्ही गेटसभेत भाषण करणारी माणसे. त्या भाषणाची रचना आम्हांला ओळखीची वाटली: कुठे आवाज खाली घ्यायचा, कुठे थांबायचे, घोषणा कुठे येणार. आम्हीही एका अपघातात गेलेल्या कामगाराच्या तसबिरीपुढे असे बोललो आहोत. त्याची बायको मागे खुर्चीवर बसली होती. तिला काय हवे होते ते आम्ही विचारल्याचे आठवत नाही.

शेवटी शेवटी तर गिहरेन आपल्याच एका वसाहतीतली वस्ती सक्तीने उठवतो आणि त्या रिकाम्या नळकांड्याची एक अजस्र तोफ करतो. ज्यांच्या घरांसाठी युद्ध, त्यांचीच घरे तोफेच्या नळीला लागली. बाप त्याला तोंडावर हिटलरची उपमा देतो. मुलाला ती टोचत नाही. पुढे म्हातारा तहाची बोलणी करायला शत्रूच्या सेनापतीकडे जातो, तेव्हा हीच तोफ डागून मुलगा दोघांनाही एकदम भाजून काढतो. मग बहीण भावाला ऐन लढाईत, हुकूम देण्याच्या दालनात, पितृहत्येबद्दल गोळी घालते. क्षणभर हुकूम देणारे कोणी उरत नाही, आणि त्या क्षणात बाहेर किती जहाजे जातात ते मोजायला सवड कोणाला? घरातल्या भाऊबंदकीचा हप्ता बाहेरच्या माणसांनी भरला.

मग तो मित्र. त्याचे नाव शार अझ्नाबल. लाल रंगाचे यंत्र, तोंडावर मुखवटा. जपानात म्हणे नायकापेक्षा त्याचे चाहते जास्त. हा खरा संस्थापकाचा मुलगा. नाव बदलून झाबींच्याच सैन्यात शिरला आहे, बापाचा सूड घ्यायला. मुलीला तो आवडतो. आम्हांला नाही आवडला, आणि त्यावरून घरात दोन दिवस वाद झाला. आमचे म्हणणे असे: या माणसाच्या अंगात शक्ती आहे, बुद्धी आहे, बापाच्या नावाचा अधिकार आहे. पण बापाने मांडलेल्या गाऱ्हाण्याशी त्याला काडीचे कर्तव्य नाही. त्याचे भांडण एका घराण्याशी आहे. शेवटी किसिलियालाही तो मारतो, सूड पुरा होतो, आणि मागणीपत्रक जिथे होते तिथेच राहते. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला पदाधिकारी समजून बोलताय. तो पोरगा आहे ज्याचा बाप मारला." तिच्याही बोलण्यात तथ्य आहे. मालिका या दोन बाजूंतली एकही धरून बसत नाही.

संघराज्याचे काय? त्याच्याविषयी थोडक्यात आटपतो, कारण मालिकेनेही तसेच केले आहे. दक्षिण अमेरिकेत जमिनीखाली त्यांचे मुख्य ठाणे आहे. तिथे बसलेल्या अधिकाऱ्यांना आघाडीवरची माणसे म्हणजे कागदावरचे आकडे. एका लढाऊ जहाजावर अधिकारी मेले म्हणून निर्वासित पोरांनी ते चालवत पृथ्वीवर आणले. त्या पोरांना काय मिळाले? वर्दी मिळाली, हुद्दे मिळाले, आणि शत्रूचे लक्ष तुमच्याकडे वेधून घ्या, असा हुकूम मिळाला. म्हणजे आमिष. आधी कामाला लावायचे, मग मागच्या तारखेने मस्टरवर नाव घालायचे. ही पद्धत आमच्या परिचयाची आहे.

एक तक्रार मात्र नोंदवतो. एवढ्या वसाहती, एवढी यंत्रे, एवढे कारखाने. पण ती यंत्रे घडवणारा कामगार त्रेचाळीस भागांत जवळजवळ दिसत नाही. दुरुस्ती करणारे दिसतात, घडवणारे नाहीत. तसेच शेवटी शेवटी नवमानवांच्या मनोमन संवादाचे जे प्रकरण येते ते आम्हांला मानवले नाही. माणसे एकमेकांचे मन जाणतील तर युद्ध थांबेल, हे म्हणायला ठीक आहे. आमचा अनुभव असा, की मालक आमचे मन चांगलेच जाणतो.

आता या मालिकेचे जे खरे बळ, त्याकडे वळतो. ते वरच्या लोकांच्या राजकारणात नाही. लढणारा माणूस का लढतो, हे तिने एकेकाजवळ जाऊन विचारले आहे. आणि उत्तरे अशी आली आहेत की त्यांत स्वातंत्र्य, संघराज्य, राष्ट्र हे शब्द फारसे सापडत नाहीत.

रांबा राल नावाचा एक शत्रुपक्षाचा अधिकारी आहे. पन्नाशीकडे झुकलेला वाटतो, देहाने जाड, बायको बरोबर छावणीत. गार्माच्या वधाचा सूड घ्यायला त्याला पाठवले आहे. पण तो बायकोला सांगतो ते निराळेच. त्याला बढती मिळाली तर त्याच्या हाताखालच्या माणसांची पोटापाण्याची स्थिती सुधारेल. बस्स, एवढेच. हा माणूस पाहून आम्हांला आमच्या ओळखीचे किती तरी जॉबर आणि फोरमन आठवले. याने कुमक म्हणून तीन नवी यंत्रे मागितली. मंजूर झाली. ती वाटेत अडवली मा कुबे नावाच्या त्याच्याच बाजूच्या अधिकाऱ्याने. रालला सांगितले, यंत्रे लढाईत गेली. कारण राल डोझलचा माणूस आणि मा कुबे किसिलियाचा. एकाचा भाव वाढू नये म्हणून दुसऱ्याने साहित्य दाबले. तेव्हा हा जाडजूड माणूस हातबॉम्ब आणि बंदुका घेऊन आपल्या पोरांसह जहाजावर चढून गेला आणि तिथेच संपला. वर बसलेले दोघे भाऊबहीण एकमेकांची जिरवीत होते. ज्यांची जिरली ते त्यांना तोंडाने ओळखतही नव्हते.

आणखी एक भाग आहे, फार लहानसा. कुठल्या तरी ओसाड ठाण्यावर पडलेले काही तरुण शिपाई. वर्तमानपत्रात नाव यावे अशी त्यांची हाव नाही. त्यांना घरी जायचे आहे. शत्रूचे ते मोठे यंत्र उडवले तर आपल्याला मायदेशी परत धाडतील, या आशेवर ते त्याच्या अंगावर बॉम्ब चिकटवतात. अमुरो, म्हणजे पंधरा वर्षांचा नायक, ते एकेक करून काढतो आणि बेत फसतो. त्यानंतर ती मंडळी साध्या कपड्यांत, गावकऱ्यांसारखी येऊन, हे धाडस केले तरी कोणी म्हणून त्याला पाहून जातात. रजेसाठी केलेली लढाई. या भागात कोणी वाईट नाही.

उलट बाजूला मातिल्दा नावाची एक रसदपथकातली अधिकारी बाई आहे. ती म्हणते, युद्धात सगळे मोडतच असते. त्यात काहीतरी घडवण्याचे काम रसदेचे, म्हणून आपण त्यात आलो. हे वाक्य ऐकून आम्ही मुलीला मालिका मागे न्यायला लावली.

अमुरोविषयी थोडे. हा वीर नाही. यंत्रांत रमणारा, माणसांना चुकवणारा मुलगा. लढायला नकार देतो तेव्हा वरिष्ठ त्याच्या थोबाडीत देतो. तो वरिष्ठही एकोणीस वर्षांचा. लढतो ते शेजारचा मरू नये म्हणून. आईला भेटायला जातो, तर तिच्या समोरच त्याला शत्रूच्या शिपायावर गोळी झाडावी लागते. ती माउली त्याच्याकडे अशी पाहते, की हा आपला मुलगा नव्हेच. बाप इंजिनिअर, त्यानेच हे यंत्र घडवले. अंतराळात फेकला गेल्यावर प्राणवायू कमी पडून त्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. तो मुलाला मोठ्या कौतुकाने एक सुटा भाग देतो, हा बसव म्हणजे यंत्र दुप्पट चालेल म्हणून. भाग जुनाट, कालबाह्य, कचऱ्यातला. मुलगा बाहेर येऊन तो रस्त्यावर आपटतो. १९८२ च्या संपानंतर आमचे वडील रोज सकाळी सातला आंघोळ करून, डबा घेऊन, बंद गिरणीच्या फाटकापर्यंत जाऊन येत. साच्याचा एक धोटा त्यांनी घरी आणून ठेवला होता. शेजाऱ्यांना दाखवून सांगत, "गिरणी सुरू झाली की लागेल." आम्ही तो एकदा रागाने माळ्यावर फेकला होता. अमुरोचा तो भाग आम्ही पुन्हा पाहिलेला नाही.

आणि मग मिहारु. हिच्यासाठीच खरे तर आम्ही हा विषय घेतला.

बेलफास्ट बंदरात जहाज दुरुस्तीला लागले आहे. काय नावाचा एक तोंडाळ, कुरकुऱ्या पोरगा लढाईला कंटाळून जहाज सोडून निघून जातो. त्याला मिहारु नावाची मुलगी आसरा देते. आईबाप युद्धात गेलेले. पाठीवर एक भाऊ, एक बहीण, दोघे लहान. ती बंदराजवळ काही विकते, आणि शत्रूला जहाजांची बातमी पोचवून त्याचे पैसे घेते. झिऑनचा विजय व्हावा म्हणून ती हेर झालेली नाही. तिला संध्याकाळची भाकरी करायची आहे. पोरांना घरात ठेवून, पैसे मिळाले की परत येते असे सांगून, ती चोरून त्याच जहाजावर चढते. बातमी देते. तिच्या बातमीवरून हल्ला होतो. जहाजावरही तीन लहान मुले आहेत. त्यांची धावपळ तिच्या डोळ्यांसमोर होते. ती मुले आपल्या भावंडांएवढी आहेत हे तिला दिसते. तेव्हा ती कायबरोबर विमानात चढते, अडलेला क्षेपणास्त्राचा खटका हाताने ओढते, आणि त्याच्या धक्क्याने समुद्रात फेकली जाते. काय मागे वळून पाहतो तर जागा रिकामी. पुढे जहाजाच्या डेकवर तो गुडघ्यांवर बसून रडतो.

भाग संपला तेव्हा मुलीने विचारले, "बाबा, ही गद्दार का?"

आम्ही उत्तर दिले नाही. दिवा लाव म्हटले.

वीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचा संप चालला होता. सहावा आठवडा. दुकानदारांची उधारी संपलेली. एका रात्री कंपनीच्या गाडीतून अकरा जण आत गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही नाक्यावर काळा फळा लावला. वर मोठ्या अक्षरात ‘संपफोडे’, खाली अकरा नावे, पुढे त्यांचे पत्ते. पत्ते लिहा म्हणून आम्ही सांगितले. अक्षर चांगले म्हणून लिहिलेही आम्हीच. त्यांत एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता. आईबाप नव्हते, एक भाऊ, एक बहीण शाळेत. हे आम्हांला माहीत नव्हते असे आम्ही पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. खरे असे, की त्याच्या सभासदत्वाच्या अर्जावर कुटुंबाचा रकाना होता आणि तो अर्ज आमच्याच हाताने भरलेला होता. कोणी तरी त्याच्या दाराला डांबर फासले. वाण्याने धान्य देणे बंद केले. बहिणीला शाळेत पोरी काही तरी बोलल्या, ती जायची बंद झाली. संप आम्ही जिंकला. करार चांगला झाला. त्या करारावरची पगारवाढ इतरांप्रमाणे त्यालाही लागू होती. ती घ्यायला तो थांबला नाही. राजीनामा देऊन गेला.

संपात फूट पडू देता येत नाही, हे आम्ही आजही म्हणतो. आत जाणारा एक माणूस शंभरांची भाकरी काढून घेतो, हे हिशेबाने खरे आहे. मिहारुच्या बातमीने हल्ला झाला हेही खरे. या मालिकेने ते झाकलेले नाही. तिला निर्दोष ठरवलेले नाही. तिने फक्त आम्हांला त्या घरात नेले, चूल दाखवली, दोन पोरे दाखवली, आणि मग फळ्याकडे पाहायला लावले. तिथे उभे राहून हिशेब तोच निघतो. पण पत्ता लिहायला हात उचलत नाही.

प्लास्टर निघाल्यावर, काठी घेऊन का होईना, आम्ही त्या मुलाचा शोध काढला. मुलगा कसला, आता केस पिकलेला गृहस्थ. शहराच्या दुसऱ्या टोकाला टेम्पो चालवतो. धाकटा भाऊ त्याच्याजवळच राहतो. दारात आम्हांला पाहून त्याने ओळखले. क्षणभर उंबऱ्यात उभा राहिला, मग "या साहेब, बसा" म्हणाला. आम्ही बसलो. बहिणीने चहा केला; ती माहेरी आलेली होती. तिच्या मुलीची दहावीची परीक्षा चालू होती, त्यावर थोडे बोलणे झाले. डिझेलच्या भावावर झाले. आमच्या पायाची त्याने चौकशी केली. फळ्याचा विषय त्याने काढला नाही. आम्ही घरून निघताना चार वाक्ये ठरवून नेली होती. ती तशीच घेऊन परत आलो. निघताना त्याने टेम्पोतून स्टॅंडपर्यंत सोडले आणि भाडे घेतले नाही.